तिकिटं स्वस्त झाली की

४ मार्च, मंगळवार

छोट्या,

मेसेज न करता मेल लिहिते आहे, कारण मेसेज जरा लांब झाला की तू नुसता अंगठा पाठवतोस आणि त्यातलं किती वाचलंस ते मला कळत नाही. ऑफिसात जेवणाची सुट्टी चालू आहे. डबा खाऊन झाला, साहेब बाहेर गेलेत.

तू लिहिलंस, "आत्ता तिकिटं फार महाग आहेत ताई, स्वस्त झाली की बघू." मी आईला ते वाचून दाखवलं. ती म्हणाली, "बरोबर बोलतोय तो. स्वस्त शोध मग." तेव्हापासून मी तेच करते आहे.

तर स्वस्तात नेणाऱ्या तीन कंपन्या आहेत. त्यांची नावं इतकी एकासारखी एक आहेत की माझाच गोंधळ व्हायला लागला, म्हणून मी त्यांना वेबसाइटच्या रंगावरून पिवळी, जांभळी आणि हिरवी म्हणते. आईनेही तेच उचललंय. भाजी चिरता चिरता विचारते, "आज पिवळी काय म्हणतेय?" जणू समोरच्या घरातली बाई आहे.

पिवळी सगळ्यात स्वस्त. पण ती हातातल्या पिशवीपलीकडे काही नेऊ देत नाही, पाणीसुद्धा विकत देते आणि खिडकीजवळ बसायचं तर वेगळे पैसे घेते. आई म्हणाली, "मग खिडकी बंद करून घे म्हणावं." हिरवी थेट तुझ्या शहरात उतरते, पण ती स्वस्त फक्त नावाला आहे. जांभळी दोघींच्या मधली. पिवळी आणि जांभळी, दोघींतही वाटेत एकदा विमान बदलावं लागतं.

एक गंमत सांगते. इथली एक मैत्रीण म्हणाली, आपण पुन्हा पुन्हा बघतोय हे त्यांना कळतं आणि ते भाव चढवतात. खरं असेल का रे? मी घाबरून एकदा ऑफिसातून बघते, एकदा घरच्या फोनवरून, आणि मधे एखादा दिवस मुद्दाम बघतच नाही, म्हणजे आपल्याला फारशी गरज नाही असं त्यांना वाटावं.

तुझ्या बाळाचा फोटो आईने हॉस्पिटलात, ती काम करते त्या वॉर्डातल्या सगळ्या मावश्यांना दाखवला, दोन डॉक्टरांना दाखवला आणि पाय टांगून पडलेल्या एका पेशंटलाही दाखवला. तो बिचारा कुठे जाणार?

तारखांचं कळव.

ताई


१२ मार्च, बुधवार

छोट्या,

तुझा मेसेज आला. "विमान बदलणं आईला जमणार नाही. पाट्या कोण वाचणार? हरवली तर?" हे मी जसंच्या तसं तिला वाचून दाखवलं. माझी सवय तुला माहीत आहे. बाबा गेल्यावर त्यांच्या कारखान्यातून पत्र आलं, ते शेजारच्या काकांनी "सगळं ठीक होईल असं लिहिलंय" म्हणून वाचलं, आणि ठीक काहीच होणार नव्हतं. त्यानंतर आई मला पुढ्यात बसवायची. "तुझं काही घालू नकोस, त्यांचं काही गाळू नकोस." मी पाकिटावरच्या शिक्क्यापर्यंत वाचत जायचे आणि तू शेजारी लोळून हसायचास.

काळजी तुझी बरोबर आहे. ती तुझ्या मनात आली याचं मला बरंही वाटलं. पण त्यावर उपाय निघाला. माझ्या मैत्रिणीची सासू दरवर्षी मुलीकडे जाते, तिलाही वाचता येत नाही. ते तिकिटासोबत व्हीलचेअर मागतात. विमानतळाच्या दारापासून एक माणूस ताब्यात घेतो, सगळ्या रांगा पार करतो, मधल्या विमानतळावर दुसरा माणूस थेट पुढच्या विमानात नेऊन बसवतो. एकही पाटी वाचावी लागत नाही. आणि ती सासू एरवी रोज टेकडी चढते.

आईला सांगितलं तर ती भडकलीच.

"मी लंगडी आहे का?"

"नाही गं, पण…"

"इतकी वर्षं लोकांना ढकलतेय मी. ढकलणाऱ्याला पहिल्या वळणाला कळतं, खुर्चीतलं माणूस खरं आहे की खोटं."

"कळू दे. त्यांना सवय असते."

"आणि दुसऱ्या कुणाला खरोखर हवी असली तर? माझ्यापायी त्याने ताटकळायचं?"

हे मलाही पटलं, त्यामुळे झोप उडाली. दुसऱ्या दिवशी मी जांभळीला फोन केला. त्यांनी पुष्कळ वेळ गाणं ऐकवलं. मग एक मुलगी आली. मी तिला खरं तेच सांगितलं, की आमची आई धडधाकट आहे, पण तिला वाचता येत नाही, तर व्हीलचेअर मागणं चुकीचं आहे का. ती म्हणाली, "मदत लागणार आहे ना मॅडम? मग झालं." हे शब्द मी आईला तसेच्या तसे सांगितले. तिने ते दोनदा म्हणायला लावले.

काल ड्यूटी संपल्यावर तिने वॉर्डातल्या खुर्चीत बसून बघितलं. नाकात बोलणाऱ्या त्या जाड्या मावशीने तिला लांब व्हरांड्यातून फिरवून आणलं. आई बसल्या बसल्या सूचना देत होती म्हणे. उजवं चाक कुरकुरतंय, उंबऱ्यावर आधी मागे घे, पेशंटच्या डोक्यावरून गप्पा मारू नकोस. समोरून मोठे डॉक्टर आले आणि घाबरले. "मावशी, काय झालं तुम्हाला?"

"काही नाही साहेब. मुलाकडे चाललेय."

आता पिवळी की जांभळी तेवढंच ठरवायचं आहे.

ताई


२० मार्च, गुरुवार

छोट्या,

पिवळी पहाटे उतरते, तेव्हा तुला यायला जमणार नाही, बाळ रात्रभर झोपू देत नाही, हे कळलं. म्हणून पिवळी सोडली. जांभळीचं रविवारी दुपारी उतरणारं विमान मिळालं, सहा एप्रिलचं. थोडे जास्त पडले, पण तिच्यात एक बॅगही नेता येते. रविवारी तुला सुट्टी असते. सगळं सविस्तर लिहून तुला विचारलं, "काढू का?" संध्याकाळी तुझा अंगठा आला.

आपल्या घरात अंगठा उठला की विषय संपतो. आईने आजवर जिथे जिथे अंगठा दिला, ते तिने पाळलंय. मी तिकीट काढलं. तुला मेलवर पाठवलंय, बघितलंस का? तिचं नाव पासपोर्टशी अक्षर अक्षर लावून पाहिलं. दुसऱ्यांच्या बिलांतल्या चुका शोधायचा मला पगार मिळतो, तरी ते बटण दाबायच्या आधी सगळं पुन्हा तीनदा वाचलं.

आईने महिन्याची रजा मंजूर करून घेतली. इतकी वर्षं साठलेली होती, कधी घेतलीच नव्हती. बॅग भरायचं काम तर केव्हाच सुरू झालंय. जुन्या मऊ कापडाची दुपटी तिने कापली, उकळली, कडा शिवल्या, पुन्हा उकळली. "नवीन कपडा बाळाला टोचतो," म्हणते. हॉस्पिटलात चादरींच्या घड्या घालतात तशा इतक्या घट्ट घड्या घातल्यात की बॅगेत अजून अर्धी जागा आहे. वजन किती भरतंय ते बघायला बॅग बाळंतिणींच्या वॉर्डात घेऊन गेली आणि नव्या बाळांच्या काट्यावर ठेवली. सिस्टर म्हणाल्या, "मावशी, गुटगुटीत आहे हो."

मी येत नाहीये, त्यामुळे माझ्या झोपण्याची सोय करायला नको. आईला कुठेही चालेल, बाळाच्या खोलीत खाली घातलंस तरी.

एक लिहू की नको असं झालंय. लिहूनच टाकते. अधूनमधून मला वाटतं की मी एक अडचण सोडवते आणि तू दुसरी पाठवतोस. लहानपणी मी तुला गणितं घालायचे, एक सुटलं की पुढचं, तसं. मग माझीच मला लाज वाटते. तू कामात असतोस, बाळ लहान आहे. लग्न "अगदी छोटंसं केलं" असं तू कळवलंस, तेही आम्ही समजून घेतलं. फोटोत माणसं बरीच होती, पण ती तिकडचीच असणार.

अजून काही अडचण असेल तर आत्ताच सांग. जांभळी पैसे परत देत नाही.

ताई


२८ मार्च, शुक्रवार

छोट्या,

तुझा निरोप मिळाला. काय झालं ते तुला सांगणं भाग आहे.

तो आला तेव्हा आई नुकतीच कामावरून येऊन हात धूत होती. "कोणाचा गं? त्याचा? वाच." मी आधी मनात वाचला. मी असं कधी करत नाही. आई नळाखाली हात धरून थांबली होती.

तू लिहिलं होतंस: "तू खरंच तिकीट काढशील असं वाटलं नव्हतं ताई. एप्रिलभर हिचे आईवडील इथेच आहेत. आई हॉस्पिटलमध्ये मेट्रन होती असं मी त्यांना सांगितलंय. सासूबाई बोलक्या आहेत, खोदून खोदून विचारतात. आईला चार वाक्यं सांभाळून बोलणं जमणार नाही. तिला वाईट वाटायला नको, म्हणून तू काहीतरी सांग. तुला जमतं."

मी मोठ्याने वाचायला लागले. म्हणाले, "ऑफिसने मला अचानक परगावी पाठवलंय. दोन आठवडे मी घरी नसेन. हिला एकटीला सगळं जमणार नाही, तेव्हा आत्ता नको." स्वयंपाकघरात उभी राहून मी हे घडाघडा वाचलं, आणि ते चांगलं जमलं असं मला वाटलं.

आईने हात पुसले. "परत वाच."

मी परत वाचलं.

"मघाशी दोन आठवडे म्हणालीस. आता पंधरा दिवस म्हणतेस."

"तेच ते, आई."

"तेच ते नाही. लिहिलेलं बदलत नाही गं. म्हणून तर तुला शाळेत घातलं."

आई स्टुलावर बसली आणि म्हणाली, "आता आहे तसं वाच."

मी वाचलं. सगळं वाचलं. "तुला जमतं" हेसुद्धा.

तिने पदराच्या टोकाची गाठ सोडली, परत मारली. मग तिने विचारलं, "मेट्रन म्हणजे आपल्या मोठ्या सिस्टर ना? चष्म्यावाल्या?"

"हो."

"त्या फार कडक होत्या. मला नसतं जमलं." आणि थोडं हसलीसुद्धा. मग म्हणाली, "त्याची सासू काय करते?"

"मुख्याध्यापिका होत्या."

"मग अवघडच आहे त्याचं."

मी चिडले. तुला नावं ठेवली, इथे लिहिण्यासारखी नाहीत. आई मधेच म्हणाली, "मी बोललेच नसते त्यांच्याशी. बाळाला घेऊन आतल्या खोलीत बसले असते. त्याने तसं सांगितलं असतं तरी चाललं असतं." तिने हे तक्रार म्हणून म्हटलं नाही, छोट्या. एखादी युक्ती तुझ्या लक्षात आली नाही असं वाटून तिने ती सुचवली.

मग ती म्हणाली, "त्याला लिही, तिकीट मिळालं नाही."

"अगं, त्याच्याकडे तिकीट आहे. मीच पाठवलंय."

"असू दे. तू लिही. त्याला उत्तर द्यायला सोपं जाईल."

तेव्हा "तिकीट मिळालं नाही, पुढे बघू" असा जो निरोप तुला आला, ते तिचे शब्द आहेत. मी त्यात काही घातलं नाही आणि काही गाळलं नाही.

ताई


३१ मार्च, सोमवार

"ओके ताई. आईला म्हणावं वाईट वाटून घेऊ नकोस. तिकिटं स्वस्त झाली की परत बघू."

हे तू लिहिलंस. तिकीट तुझ्या मेलमध्ये असताना लिहिलंस.

मी ते आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "बघ. चिडला नाही."

जांभळीला फोन केला. पैसे परत मिळत नाहीत, दुसऱ्या कुणाच्या नावावर करता येत नाही, तारीख बदलायला तिकिटाहून जास्त पडतात. पलीकडच्या मुलीने विचारलं, मॅडम तुम्हाला सर्दी झालीय का. मी हो म्हणाले.

आईने बॅग रिकामी केलेली नाही. मीही तो विषय काढत नाही.


७ एप्रिल, सोमवार

छोट्या,

काल आई लवकर उठली, आंघोळ केली, इस्त्रीची साडी नेसली. आम्ही दोघी रविवारची कामं करत होतो. मी मोजे धूत होते, ती डबे पुसत होती.

माझा फोन वाजला. तिकिटावर माझाच नंबर आहे. एक माणूस म्हणाला, "मॅडम, विमानतळावरून बोलतोय. व्हीलचेअर घेऊन दाराशी उभा आहे. आजी कुठपर्यंत आल्यात?"

व्हीलचेअर रद्द करायचं माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मी काहीतरी पुटपुटले. आईने ओल्या हाताने फोन घेतला.

"दादा, मी येत नाहीये रे. तू दुसऱ्या पेशंटकडे जा."

"बरं आजी. काही अडचण आली का?"

"नाही, अडचण काही नाही. तू उन्हात उभा आहेस का?"

"नाही आजी, आत गार आहे."

"मग बरं. कुरकुरतं का रे चाक?"

तो हसला असावा. आईही हसली. फोन माझ्या हातात देऊन ती पुन्हा डबे पुसायला लागली. थोड्या वेळाने म्हणाली, "आजी म्हणाला मला."

मी मोरीत गेले आणि नळ मोठा सोडला.

मग तिने विचारलं, विमान आता कुठे असेल. फोनवर ते दिसतं, नकाशावर एवढंसं विमान सरकत असतं. मी लावून दिलं. तिथे वाचायला काही लागत नाही. तिने फोन डब्याला टेकवून ओट्यावर उभा केला आणि कामं करता करता त्याच्याकडे बघत राहिली. पहिलं उतरलं तेव्हा म्हणाली, "आता बदलायचं." दुसरं निघालं तेव्हा म्हणाली, "बसवलं बाई नीट." मधे निळं निळं पुष्कळ होतं, तेव्हा म्हणाली, "केवढं पाणी आहे गं. तो एकटा गेला तेव्हा हे सगळं ओलांडून गेला?"

तुझ्या शहरावर विमान आलं, फिरलं आणि थांबलं. आई उठून उभी राहिली.

"त्याला कळव, मी आले नाही म्हणून."

"त्याला माहीत आहे, आई."

"तरी कळव. तिकीट आहे ना त्याच्याकडे? वेळ आहे त्यावर. चुकून आला असेल घ्यायला तर दाराशी ताटकळेल."

"तो येणार नाही."

"आला असेल तर?"

मी लिहिलं, "आई विमानात नाही." पण पाठवलं नाही. पाठवलं असं तिला सांगितलं. दोन आठवड्यांत ही माझी दुसरी लबाडी झाली, आणि दोन्ही तुझ्यासाठी. गेला होतास का रे? लांब कुठेतरी गाडी लावून, नुसता बघायला? गेला नसशील तर मला सांगू नकोस. गेला असशील तर तिला सांग.

यापुढे तुझे निरोप मी तिला वाचून दाखवणार नाही. रागाने नाही, छोट्या. रागही आहे, तो माझा मी बघेन. पण तू माझ्या तोंडून बोलतोस, ती माझ्या हातून लिहिते, आणि मधे उभी राहून मी खोटं बोलायला शिकले. तुला जमतं, असं तू लिहिलंस. मला ते जमायला नको आहे.

तिच्या फोनवर तुझं नाव काढून तुझा फोटो लावलाय. तो दिसला की हिरवं दाबायचं, हे तिला पक्कं माहीत आहे. काल तिने तीनदा करून दाखवलं. काय बोलायचं ते मी सुचवणार नाही. मेट्रनशी बोलायचं की आईशी, तेही तूच ठरव.

रजा तिने रद्द केलेली नाही. महिनाभर ती घरीच आहे.

ताई